गावची नदी तपासायची कशी, वही-पेन्सिलीपासून ग्रामसभेपर्यंत

तू दर पंधरा दिवसांनी नदीवर जाऊन काय खरडत बसतोस आणि आम्हाला आमच्या व्हाळावर (ओढ्यावर) असं करायचं असेल तर सुरुवात कुठून करू, असं दोन-तीन जणांनी विचारलं म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. मी शास्त्रज्ञ वगैरे नाही, गोव्यात सत्तरी तालुक्यात आमचं छोटं कुळागर (माड-पोफळीची बाग) आहे, वाळवंटी नदी घरापासून पाच मिनिटांवर, आणि एका उन्हाळ्यात पाटाला पाणी पुरेना तेव्हा बाबा म्हणाले पूर्वी असं नव्हतं, शेजारचे काका म्हणाले पूर्वीपण असंच होतं, आणि दोघांकडेही पुरावा शून्य. तिथून वही सुरू झाली.

पहिली गोष्ट, किट विकत घेऊ नका. निदान पहिलं वर्ष तरी नको. मी हौसेने ऑनलाइन मागवलेल्या टेस्ट स्ट्रिप जूनच्या दमट हवेत डबीतच फुगल्या, नंतर त्या कुठल्याही पाण्यात बुडवा, रंग एकच. वही पाहिजे, पेन्सिल पाहिजे (पेनची शाई भिजली की पसरते, पेन्सिल टिकते), मीटरची टेप, मोबाइल, आणि एक संत्रं. संत्र्याचं पुढे सांगतो.

जागा एकच धरायची. सगळे इथेच चुकतात, आज पुलाखाली, पुढच्या वेळी देवळाच्या घाटावर, आणि मग दोन आकड्यांची तुलनाच होत नाही. जागा अशी बघा की पावसातसुद्धा काठावर सुरक्षित उभं राहता येईल, न हलणारा खडक किंवा पुलाचा खांब समोर असेल, आणि वरच्या अंगाला अगदी जवळ गटार किंवा दुसरा व्हाळ येऊन मिळत नसेल. पाणी मिसळायला अंतर लागतं, संगमाच्या लगेच खाली एका काठाला एक पाणी आणि दुसऱ्या काठाला वेगळंच पाणी वाहत असतं. खांबावर ऑइलपेंटने फुटांच्या खुणा करून घ्या, पण आधी पंचायतीत सांगून ठेवा नाहीतर कोणीतरी फोटो काढून भलतंच पसरवेल, आमच्याकडे झालंय. आणि दर वेळी त्याच दगडावर उभं राहून त्याच दिशेला एक फोटो. दोन वर्षांनी हे फोटो ओळीने बघितले की काठ किती खचला, वाळू कुठे सरकली, करंजाचं झाड कधी पडलं ते आकड्यांशिवाय दिसतं.

आता कधी जायचं. आपल्या नद्या म्हणजे एका अंगात दोन नद्या, वर्षभराचं बहुतेक पाणी जून ते सप्टेंबरमध्ये धडाधड वाहून जातं आणि मग दिवाळीपासून पुढे डोंगराने धरून ठेवलेलं पाणी झिरपत येतं त्यावर सगळं चालतं. थंड देशांतल्या पुस्तकांत चार ऋतूंचे तक्ते असतात ते इथे चालत नाहीत. आपलं कॅलेंडर वेगळं: मिरगाचा पहिला पाऊस, चवथीच्या सुमारास भर पाणी, दिवाळीनंतर पाणी निवळतं तेव्हा, शिगम्याला, आणि मेचा शेवटचा आठवडा. दर पंधरा दिवसांनी जमलं तर उत्तमच, पण नाही जमलं तर ह्या पाच वेळा चुकवू नका, त्यातही मे अजिबात नाही. मासे जगतात की मरतात, विहिरी टिकतात की आटतात हे सगळं त्या शेवटच्या दोन आठवड्यांतल्या पाण्यावर ठरतं.

पाणी किती वाहतं ते मोजायला संत्रं. संत्रं तरंगतं पण बहुतेक पाण्याखाली असतं, त्यामुळे वाऱ्याने ढकललं जात नाही, रिकाम्या बाटलीचं तसं नाही, ती वाऱ्याबरोबर पळते. नदीचा सरळ भाग बघा, काठाने १० मीटर मोजा, वर एक माणूस, खाली एक माणूस, संत्रं मधोमध सोडायचं आणि किती सेकंद लागले ते लिहायचं, हे तीनदा तरी करा आणि सरासरी घ्या. (सालीसकट सोडा. सोललेलं संत्रं बुडतं, आमच्याबरोबर आलेल्या पोरांनी सोलून अर्धं खाल्लं आणि उरलेलं टाकलं म्हणून कळलं.) मग काठापासून काठापर्यंत टेप ताणा, दर मीटरला काठीने खोली बघा, सरासरी काढा. समजा रुंदी ८ मीटर, सरासरी खोली ०.४ मीटर, आणि १० मीटरला २५ सेकंद, म्हणजे वेग सेकंदाला ०.४ मीटर. तळाचं पाणी वरच्यापेक्षा हळू असतं म्हणून ०.८५ ने गुणायचं, तळात फार दगडगोटे असतील तर ०.८ धरा. ८ गुणिले ०.४ गुणिले ०.४ गुणिले ०.८५, साधारण १.०९ घनमीटर, म्हणजे सेकंदाला हजार लिटरच्या थोडं वर. झालं. अचूक नाही, पण तीच जागा तीच पद्धत ठेवली तर ह्या मेमध्ये गेल्या मेच्या निम्मं पाणी होतं हे छातीठोक सांगता येतं. पुरात हे करायला जाऊ नका, तेव्हा फक्त खांबावरची खूण पुलावरून वाचायची. आणि वर धरण असेल तर, आमच्या वर अंजुण्याचं आहे, पाणी सोडलंय का ते त्या दिवशी विचारून वहीत लिहा, नाहीतर एप्रिलमध्ये अचानक पाणी वाढलेलं बघून तुम्ही भलताच निष्कर्ष काढाल.

गढूळपणा बघायला २० सेंटिमीटरची पांढरी गोल ताटली घ्या, तिचे चार भाग करून समोरासमोरचे दोन काळे रंगवा, मध्ये भोक पाडून गाठी मारलेली दोरी बांधा, खाली वजन. पाण्यात सोडत जायचं आणि काळं-पांढरं वेगळं दिसेनासं झालं की दोरीवरचं माप लिहायचं. १८६५ साली सेक्की नावाच्या इटालियन पाद्री-खगोलशास्त्रज्ञाने ही युक्ती नुसत्या पांढऱ्या ताटलीने समुद्रावर वापरली (काळे भाग नंतर आले), आजपण जगभर तीच चालते. आमच्या वरच्या भागात उन्हाळ्यात पाणी गुडघाभर आणि तळ स्वच्छ दिसतो, तिथे ताटलीचा उपयोग नाही, खालच्या अंगाला खोल पाण्यात आहे. एक लक्षात ठेवा, जुलैतलं लाल पाणी बघून लगेच खाणीच्या नावाने ओरडू नका, आपली मातीच जांभ्याची, लाल होणारच. पावसाळा संपल्यावर, दिवाळीनंतरही पाणी लालच येत असेल तर मात्र व्हाळाने वर चालत जाऊन बघा, डंप (खाणीच्या मातीचा ढीग) आहे, नवीन डोंगरकापणी आहे की रस्त्याचं काम.

आता खारं पाणी, इथे मी स्वतः तोंडावर आपटलोय म्हणून सविस्तर सांगतो. दुसऱ्या वर्षी तीनशे-चारशे रुपयांचा टीडीएस मीटर (लिटरमागे किती मिलिग्रॅम क्षार विरघळलेत ते दाखवणारा) घेतला, आमच्याकडे वाळवंटीत आकडा पन्नासच्या आसपास यायचा, भारी वाटायचं. मग एप्रिलमध्ये आत्याकडे दिवाडीला गेलो, मांडवीत मीटर बुडवला तर आकडाच येईना, नुसतं एरर. मी तिथेच आत्याला सांगितलं की नदीत कुठल्यातरी फॅक्टरीचं पाणी सोडलंय. आत्याचे सासरे, ऐंशीच्या पुढचे, जन्म खाजनात (खाडीकाठच्या, बांध घातलेल्या शेतात) गेलेला, शांतपणे म्हणाले, "अरे बाबा, भरती आहे." समुद्राच्या पाण्यात लिटरला ३५ ग्रॅमच्या आसपास क्षार असतात, म्हणजे ३५ हजार मिलिग्रॅम, आणि स्वस्त मीटरची उडी दहा हजारापर्यंत. आणि आपल्या नद्यांना उतार इतका कमी की उन्हाळ्यात मांडवीत भरती मुखापासून पन्नासेक किलोमीटर आत, गांजे गावापर्यंत जाणवते. म्हणजे बरीचशी मांडवी उन्हाळ्यात नदी कमी आणि खाडी जास्त असते.

त्याच आजोबांनी मला जे शिकवलं ते कुठल्या अॅपपेक्षा सोपं आहे, तिथीची पाऊणपट. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास पूर्ण भरती. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. भरती रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, त्याचाच हा हिशेब. हे समुद्राजवळचं, आत जाल तसा उशीर होत जातो, तो तुमच्या जागी किती ते दोन-चार वेळा बसून बघा. आता ह्याचा तपासणीशी संबंध असा की खालच्या भागात "दर रविवारी सकाळी ८ वाजता" हा नियम एकदम चुकीचा आहे, कारण ह्या रविवारी आठला ओहोटी असेल तर पुढच्या रविवारी आठला भरती असते. पण दर अमावास्या-पौर्णिमेला ठरलेल्या वेळी गेलात तर पाणी जवळजवळ त्याच अवस्थेत सापडतं. पूर्ण ओहोटीला घेतलेलं पाणी तुमच्या नदीचं, भरतीला घेतलेलं समुद्राचं. दोन्ही घ्या, पण कुठलं कुठलं ते लिहा.

आता पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन. ज्यांना पुढे जायचंय त्यांच्यासाठी, सोपं नाही, कॉलेजच्या केमिस्ट्रीवाल्या मॅडमना गाठा. विंकलर पद्धत म्हणून आहे, १८८८ ची, अजून तीच भरवशाची. बाटली पाण्याखाली धरून भरायची आणि आत एकपण बुडबुडा राहता कामा नये, आमची पहिली सगळी बाटल्यांची खेप बुडबुड्यांमुळे वाया गेली. मुद्दा लक्षात घ्या की गरम पाण्यात ऑक्सिजन कमीच मावतो, २० अंशाला लिटरमागे ९ मिलिग्रॅमच्या आसपास, ३० अंशाला साडेसात. म्हणजे आपल्या नदीला आधीच श्वास कमी, त्यात गटाराचं पाणी सोडलं की थंड देशातल्या नदीपेक्षा लवकर गुदमरते. आंघोळीच्या पाण्याला केंद्रीय प्रदूषण मंडळाची मर्यादा किमान ५ मिलिग्रॅम ऑक्सिजन आणि बीओडी (घाण कुजताना पाण्यातला किती ऑक्सिजन खाल्ला जातो त्याचं माप) ३ पर्यंत. ऑक्सिजन पहाटे सगळ्यात कमी असतो कारण रात्रभर शेवाळंसुद्धा श्वासच घेत असतं, दुपारी बघितलंत तर शेवाळाने भरलेला सडका कोंडपण (कोंड म्हणजे डोह) पास होतो. तेव्हा सूर्य उगवायच्या आत जा, कंटाळा आला तरी. आणि लॅबला बीओडी करायला दिलीत तर विचारा, पाच दिवस २० अंशाची की तीन दिवस २७ अंशाची. आपल्याकडच्या हवेला धरून भारतीय मानक २७ वालं आहे, दोन वेगळ्या पद्धतींचे आकडे शेजारी ठेवून भांडू नका.

पैसे आणि केमिकल काहीच नको असेल तर किडे बघा, मला स्वतःला हेच सगळ्यात आवडतं. जुन्या मच्छरदाणीचा मीटरभर तुकडा दोन काठ्यांना बांधायचा, उथळ खळखळत्या पाण्यात एकाने तो आडवा धरायचा, दुसऱ्याने वरच्या बाजूला दोन मिनिटं दगड हलवायचे, पायाने तळ घुसळायचा. मग जाळीतलं सगळं पांढऱ्या टबात ओता आणि दोन मिनिटं नुसतं बघत राहा. आधी कचराच दिसतो. मग कचरा चालायला लागतो. शेपटीला तीन केस आणि पोटाच्या दोन्ही बाजूंना पिसांसारखे कल्ले हलवणारं मेफ्लायचं पिल्लू, दोनच केस आणि पायांना दोन नख्या असलेलं स्टोनफ्लायचं, वाळूचे कण न् पानांचे तुकडे चिकटवून स्वतःभोवती नळी बांधून फिरणारं कॅडिसचं, आणि दगडाला नाण्यासारखं चिकटलेलं एक, वॉटर पेनी, ते भुंग्याचं पिल्लू. ही मंडळी घाण पाण्यात टिकत नाहीत. उलट टबात नुसत्या लालभडक वळवळणाऱ्या अळ्या आणि गांडुळासारखे बारीक किडे असतील तर वर कोणाचीतरी टाकी नदीत रिकामी होतेय. ह्यासाठी गुणांची पद्धत आहे, मेफ्लाय-स्टोनफ्लायच्या नाजूक घराण्यांना १०, लाल अळ्यांना २, गांडूळवाल्यांना १, असं प्रत्येक घराण्याला एकदाच द्यायचं आणि बेरीज करायची. चतुर-टाचणीची पिल्लं मध्ये कुठेतरी येतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी करा, पावसात सगळे वाहून गेलेले असतात. बघून झाल्यावर त्याच जागी सोडून द्या.

माशांचं माणसांना विचारा, जाळं घेऊन फिरू नका. चढणीचे मासे पहिल्या पावसात कुठपर्यंत यायचे, आता कुठे अडतात, खडस शेवटचा कधी बघितला, हे जुन्या लोकांना पाठ असतं, पण एकट्याचं ऐकून लिहू नका, तिघांना वेगवेगळं गाठा. काठावरच्या दगडावर खवले न् कुर्लीचे तुकडे असलेली विष्ठा दिसली तर उद, म्हणजे पाणमांजर, येतंय. फोटो काढा, बाजूला पेन्सिल ठेवून.

माझ्या वहीतली एक नोंद जशीच्या तशी: "मे शेवटचा रविवार. सकाळी ६.१०. खांबावर १ फूट २ इंच. पाऊस नाही, धरणातून पाणी नाही (विचारलं). संत्रं ४१, ४४, ४० सेकंद. पाणी स्वच्छ, काठाला फेस. कपडे धुणाऱ्या ३ जणी. वरच्या वळणावर नवीन पंप, एक." एवढंच. मत नाही, राग नाही. राग वेगळ्या पानावर.

जिवाची काळजी घ्या. पायाला जखम असेल तर पावसात पाण्यात उतरू नका, लेप्टो (लेप्टोस्पायरोसिसचा ताप) होतो. घाटात पाऊस पडत असेल तर तुमच्याकडे ऊन असलं तरी नदीत उतरायचं नाही, पाणी विचारून येत नाही. कुंभारजुव्याच्या कालव्याच्या बाजूला काठावर बसायचंच नाही, तिथे मगरी आहेत. बोरीत पौष अमावास्येला चिखलाची मगर करून पूजतात, पूर्वजांना हा हिशेब आपल्यापेक्षा चांगला कळत होता. अभयारण्याच्या हद्दीत, म्हणजे म्हादई वगैरे, वनखात्याची परवानगी आधी.

आता वही भरली, पुढे काय. व्यवस्थापन म्हटलं की लोकांना करोडोंचा प्रोजेक्ट आणि काठाला काँक्रीटची भिंत डोळ्यांसमोर येते. भिंत बांधली की पाणी जास्त जोरात खाली जातं आणि खालच्याचा काठ खातं, वर सावली जाते, पाणी तापतं. त्यापेक्षा करंज, केवडा, जांभूळ, बांबू, जे काठाला आधीपासून होतं तेच परत लावा आणि दहा-पंधरा फुटांचा पट्टा कुळागरवाल्यांनी सोडावा, मी सोडलाय, चार माड कमी लागले, बोलणी खाल्ली. दुसरं, वसंत बंधारे. पावसाळा संपला की पाणी अडवायला त्यात फळ्या घालतात, आणि बऱ्याच ठिकाणी सगळ्या एकाच दिवशी घालतात, मग खालचं पात्र दोन-चार दिवस कोरडं आणि कोंडांत अडकलेले मासे जो येईल तो बादल्यांनी नेतो. हप्त्याहप्त्याने घाला आणि एक फट तळाला कायम ठेवा, ह्याला खर्च शून्य. खालच्या भागात खाजनं असतील तर मानशीकडे, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराकडे, बघा. मानशीच्या फळ्या अशा बसवलेल्या असतात की भरतीचं पाणी स्वतःच ढकलून त्या बंद करतं आणि ओहोटीला आतलं पाणी ढकलून उघडतं, माणूस नको, वीज नको. मासे जास्त मिळावेत म्हणून कोणी त्या भरतीला उघड्या बांधून ठेवल्या की शेतात खारं पाणी शिरतं, दोन-तीन वर्षांत भात जातं. वहीत तारीख आणि तिथीसकट नोंद असेल तर हे भांडण मिटवता येतं, नसेल तर नुसती आरडाओरड.

ग्रामसभेत जाताना पन्नास पानं नेऊ नका. मी पहिल्यांदा ग्राफ वगैरे काढून गेलो, दहा मिनिटं बोललो, आणि चर्चा रस्त्याच्या लाइटवर गेली. दुसऱ्या वेळी एक कागद नेला, त्यावर दोन फोटो, मे महिन्याचे तीन वर्षांचे आकडे आणि मागणी एकच, बंधाऱ्याची तळाची फळी काढून ठेवा. पंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समिती असते, २००२ च्या कायद्याखालची, तिच्या लोक जैवविविधता नोंदवहीत तुमची माहिती घालायला सांगा, म्हणजे वही तुमच्या कपाटातून सरकारी कागदावर येते. म्हादईच्या भांडणात बघा, लवादाने १४ ऑगस्ट २०१८ ला कर्नाटकला १३.४२, महाराष्ट्राला १.३३ आणि गोव्याला २४ टीएमसी असा निवाडा दिला, तिथे सगळी लढाई आकड्यांचीच होती. आपल्या व्हाळाचा आकडा आपल्याशिवाय कोण ठेवणार.

प्रदूषणाची तक्रार असेल तर एक तांत्रिक गोष्ट जरूर लक्षात ठेवा. तुम्ही बाटलीत भरून खासगी लॅबमधून आणलेला रिपोर्ट ओरडायला ठीक, पण सोडणाऱ्यावर केस उभी राहायला १९७४ च्या पाणी कायद्याच्या कलम २१ प्रमाणे मंडळाच्या अधिकाऱ्याने, समोरच्याला नोटीस देऊन, घेतलेलाच नमुना लागतो. म्हणून राज्य प्रदूषण मंडळाला लेखी कळवा, पोच घ्या, आणि पाणी कधी सोडतात त्याच्या तारखा-वेळा वहीतून उतरवून द्या. रात्री दोनला सोडत असतील आणि अधिकारी सकाळी अकराला आला तर नमुना स्वच्छच निघणार, आमच्याकडे पहिल्या वेळी तेच झालं. दुसऱ्या वेळी पाणी सोडल्याच्या सात तारखा-वेळा लिहून दिल्या होत्या, त्यातल्या पाच शनिवार रात्रीच्या.

तळाच्या फळीचं म्हणाल तर गेल्या नोव्हेंबरपासून ती काढून ठेवलीय, अजून एकच उन्हाळा गेलाय, मेचा आकडा गेल्या वर्षीपेक्षा थोडा वर आहे पण धरणाचं पाणी दोनदा सुटलं होतं, म्हणून वहीत पुढे प्रश्नचिन्ह काढून ठेवलंय. आणि हो, दर महिन्याला वहीच्या पानांचे फोटो काढून कोणाला तरी पाठवून ठेवा, माझी पहिली वही नदीनेच नेली.